विडीलाच सवलत कशासाठी?

सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट आणि चघळावयाची तंबाखू यांवर 40 टक्के कर ठरविला. विडीवरील दर मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रियांची बाजू या सवलतीसाठी पुढे केली जाते. ती खोटी नव्हे. परंतु विडी ओढणाराही गरीबच असतो, आणि तिचा धूर सिगारेटच्या धुराहून सौम्य नाही.

किंमत वाढली तरी व्यसनी मनुष्य सोडीत नाही, हा एक सोयीस्कर समज आहे. गलेलठ्ठ पगाराच्या अधिकाऱ्यापुरता तो खरा मानता येईल. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कंत्राटी कामगार किंवा नुकताच आयटीआयमधून आलेला शिकाऊ उमेदवार यांचा हात मात्र आखडतो. अट एवढीच, की शेजारी स्वस्त पर्याय नसावा. तो असला की व्यसन सुटत नाही, नुसते बदलते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 100 प्रौढांमागे सुमारे 24 जण धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले. ओढणारे जेमतेम 4. कारखान्यात रंग-तेलाजवळ आग वर्ज्य असते. चुना लावून तळहातावर मळलेल्या तंबाखूला काडी लागत नाही. तेव्हा एकट्या सिगारेटवर डोळा ठेवून येथे काही साधणार नाही.

मग कराचा पैसा जावा कोठे? 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभारला होता. 2017 मध्ये नव्या करपद्धतीबरोबर तो उपकर गेला. थायलंडने 2001 पासून तंबाखू व मद्यावरील अबकारी करावर 2 टक्के अधिभार घेऊन आरोग्यप्रसाराची स्वतंत्र संस्था चालविली आहे. अर्थखात्याला असे राखून ठेवलेले पैसे रुचत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. परंतु तोंडाच्या कर्करोगाचा भार शेवटी पडतो तो कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के वर्गणी घेणाऱ्या राज्य विमा योजनेवर आणि महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयावर.

विडीचाही दर 40 टक्क्यांवर न्यावा आणि वाढीव उत्पन्नातून प्रथम वळणाऱ्या स्त्रियांना दुसरा रोजगार द्यावा. उरलेल्यातून पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्यांच्या दारांशी तोंड तपासणारे दंतवैद्य बसवावेत, आणि त्यांच्यासोबत कामगाराशी त्याच्या भाषेत, मग ती मराठी असो वा हिंदी, बोलू शकणारा समुपदेशक.