ऊन न दाखवायची वस्तू

दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे गाद्यांपासून बरण्यांपर्यंत सगळ्यांना ऊन दाखवतात. एक वस्तू मात्र मी सावलीतच ठेवतो: एकाच बोर्डावर मांडलेला जुना संगणक. त्याचा प्रोसेसर ८०८५. इंटेलने तो १९७६ साली काढला आणि आपल्याकडे अभियांत्रिकीच्या कितीतरी मुलांचा हात त्यावर बसला.

यंदा त्याचे आकडेच उजळेनात. "मेंदू गेला, द्या भंगारात!" असा घरातून निकाल लागला. पण वाचकहो, दुरुस्तीत संशय थोरांवर नव्हे, आधी धाकट्यांवर घ्यावा. प्रथम वीज पाहिली. ४० आणि २० क्रमांकांच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट हवेत, ते होते. ३७व्या पिनेवर घड्याळाचे ठोकेही पडत होते. ३६वी मात्र शून्यापाशीच खिळलेली! तिला जोडलेला कपॅसिटर वयोमानाने गळका झाला होता, म्हणून बिचारा प्रोसेसर 'थांब' हाच हुकूम पाळीत बसला होता. काही रुपयांचा नवा कपॅसिटर डकवला आणि आकडे लागले.

मग उन्हाचे भय कशाला? मूळ आज्ञावली ज्यात असते, त्या ईप्रॉमच्या पाठीवर छोटी पारदर्शक खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण शिरले की साठवलेला विद्युतभार निसटतो आणि आज्ञावली पुसली जाते. थेट उन्हाला आठवडाभर पुरतो. तेव्हा धूळ झटकताना त्या खिडकीवरचा कागद तेवढा खरवडू नका. कपॅसिटर बाजारात मिळतो. पुसलेली आज्ञावली, कुणी तिची प्रत ठेवली असेल तरच!