जेत्यांचे नृत्य, जितांचे स्वत्व

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. त्याच नागासाकीत १९४६ साली जपानी मंडळी अमेरिकेचे 'स्क्वेअर डान्स' हे लोकनृत्य शिकू लागली. शिकविणारे विनफिल्ड निब्लो हे अमेरिकी लष्करी प्रशासनातील शिक्षणाधिकारी होते. कोणत्याही स्वाभिमानी मनाला हे चित्र अस्वस्थ करील. ज्यांनी नगर उद्ध्वस्त केले, त्यांच्याच तालावर नाचावे, याला लाचारी म्हणायचे की आणखी काही?

या नृत्यात चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. पुकारा करणारा 'कॉलर' सूचना देतो आणि त्याबरहुकूम नर्तक जागा बदलतात. गंमत अशी की, 'प्रॉमनेड', 'डो-सी-डो' हे पुकारे मूळ फ्रेंच शब्दांवरून आले आहेत. फ्रान्सचे क्वाड्रिल आणि इंग्लंडची ग्रामीण नृत्ये यांच्या मिश्रणातून ते घडले. कृष्णवर्णीय वादकांचा आणि पुकारे देणाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पुढे १९८२ व १९८३ या दोन वर्षांसाठी अमेरिकेने त्याला कायद्याने राष्ट्रीय लोकनृत्याचा मान दिला.

जपानमध्ये त्याचा प्रसार झाला, त्यामागे जेत्यांचा हेतू होताच. स्त्री-पुरुषांनी आणि लहान-थोरांनी एकाच चौकोनात हातात हात घालून नाचावे, यात त्यांना लोकशाहीचा पाठ दिसत होता. सहशिक्षणाला मान्यता देणारा शिक्षणविषयक मूलभूत कायदा १९४७ साली झाला, तो याच काळात. परंतु केवळ हुकमाने नृत्य रुजत नाही. उपासमार आणि पराभव यांनी खचलेल्या समाजाला मोकळे मैदान व थोडे संगीत एवढ्यावर मिळणारा सामूहिक आनंद हवा होता. सम्राट हिरोहितो यांचे धाकटे बंधू राजपुत्र मिकासा युद्धकाळात चीनमध्ये सैन्याधिकारी होते; तेही या नृत्याचे चाहते व पुरस्कर्ते बनले. त्याच कुळातील 'ओक्लाहोमा मिक्सर' हे वर्तुळनृत्य तर जपानी शाळांच्या क्रीडादिनांत रूढ झाले.

मात्र या कथेची दुसरी बाजू विसरता येणार नाही. ज्या प्रशासनाने हे नृत्य शिकविले, त्यानेच ज्युदो आणि केंडो या युद्धविद्या लष्करी वृत्तीच्या पोषक ठरवून शाळांतून हद्दपार केल्या होत्या. जिताने काय शिकावे आणि काय विसरावे, हे जेता ठरवीत होता. त्यामुळे स्क्वेअर डान्सच्या प्रसाराला निव्वळ मैत्रीची गोष्ट मानणे भाबडेपणाचे होईल.

जपानने यावर दिलेले उत्तर मननीय आहे. त्याने नृत्य स्वीकारले. पण आपल्या विद्या टाकल्या नाहीत. १९५० च्या दशकात ज्युदो आणि केंडो शाळांत परतले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोला स्थान मिळाले आणि तेथे खुल्या गटाचे सुवर्णपदक नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंक यांनी जिंकले. घरच्या मैदानावरील तो पराभव जपानला झोंबला. पण आपली विद्या जगाची झाल्याचा तो पुरावाही होता. आज जपानी नर्तक स्क्वेअर डान्सचे पुकारे इंग्रजीतच ऐकतात, आणि जगातील कोणत्याही देशात ज्युदोचा पंच लढत सुरू करताना 'हाजिमे' हा जपानी शब्दच उच्चारतो. उन्हाळ्यात पूर्वजांच्या स्मरणार्थ होणारे 'बोन ओदोरी' हे समूहनृत्यही गावोगावी चालूच आहे.

परकीय कलेच्या आगमनाने संस्कृती बुडते, ही भीती म्हणूनच अपुरी आहे. स्वतःच्या कलेचा सराव थांबला की ती बुडू लागते, मग परके येवोत वा न येवोत. जो समाज आपले नृत्य दरवर्षी अंगणात नाचतो, आपली विद्या मुलांना शिकवितो, त्याला पाहुण्याच्या नृत्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. जपानने दार उघडले, ते घरातला दिवा तेवत ठेवून.