झीरो फील्ड म्हणजे काहीच नाही?

परवा भाची आली होती. यंदा बारावीला आहे. अप्पा बळवंत चौकातून गाईडांचा गठ्ठा घेऊन थेट आमच्याकडेच. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून म्हणाली, "मामा, हा तक्ता बघ ना. निकेलचं मॅग्नेटिक मोमेंट सूत्राने येतं २.८४ आणि मोजलेलं आहे २.९ ते ३.४. कोबाल्टचं तर ३.८७ च्या जागी ४.४ ते ५.२! सूत्र चुकलं की मोजणारा?"

"ते सिलॅबसमध्ये नाही," असं अगदी ओठांवर आलं होतं. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा हे वाक्य मी इतक्या वेळा फेकलंय की आता आठवलं तरी लाज वाटते. प्रश्न विचारणारी मुलं वर्गात दोन-तीनच असतात, आणि नेमकी त्यांनाच आपण गप्प बसवतो.

तर सूत्र काय सांगतं? जोडी नसलेले इलेक्ट्रॉन मोजा, n म्हणा, n(n+2) चं वर्गमूळ काढा, संपलं. यात गृहीत धरलंय की आयन एकटाच पोकळीत लटकतोय आणि चुंबकत्व फक्त इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे आहे. प्रत्यक्षात आयनाला शेजारी असतात. स्पिनला ते शेजारी थेट जाणवत नाहीत, पण इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या गतीला जाणवतात, आणि स्पिन त्या गतीशी बांधलेला असतो. तक्त्यातली तफावत या बांधणीतून येते.

याच बांधणीचा दुसरा परिणाम तक्त्यात दिसतच नाही. एरवी स्पिनच्या सगळ्या दिशांची ऊर्जा सारखी असते आणि बाहेरून चुंबक आणला की त्या वेगळ्या होतात, असं आपण शिकवतो. पण शेजाऱ्यांची मांडणी जराशी तिरपी असेल, तर चुंबक न आणताही त्यातल्या काही आधीच फुटलेल्या असतात. हेच झीरो फील्ड स्प्लिटिंग. नाव फसवं आहे. शून्य आहे ते बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, आतली शेजाऱ्यांची ढकलाढकली नव्हे.

भाचीला मी आईची माणकाची अंगठी दाखवली. माणकाचा लाल रंग क्रोमियमचा. त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन असतात, पण थोडे एका अक्षावर ओढल्यासारखे. म्हणून क्रोमियमच्या स्पिनच्या चार अवस्था दोन जोड्यांत फुटतात. (इलेक्ट्रॉन तीन, म्हणजे विषम. अशा वेळी चुंबकाशिवाय या जोड्या तुटत नाहीत, हे क्रेमर्सने १९३० मध्ये दाखवलं.) दोन जोड्यांतलं अंतर साधारण ११.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे घरच्या मायक्रोवेव्हच्या पावणेपाच पट. एवढ्याशा फटीवर माणकाचा मेसर चालतो. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी विश्वाच्या बालपणीची मंद खरखर पकडली, तेव्हा त्यांच्या रिसीव्हरमध्ये माणकाचाच मेसर होता.

मग कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ही फट का दिसत नाही? कारण खोलीच्या तापमानाला उष्णतेची धक्काबुक्की सुमारे २०० प्रति सेंटिमीटर इतकी, आणि निकेलची फट बहुधा काही थोड्या एककांची. गोंगाटात कुजबुज हरवते तसंच. द्रव हेलियममध्ये, म्हणजे ४.२ केल्विनला, तोच गोंगाट तीनवर येतो आणि कुजबुज ऐकू येते.

ती ऐकणारी माणसं आपल्याकडेही होती बरं का. १९३० च्या दशकात के. एस. कृष्णन आणि त्यांचे सहकारी बारीक क्वार्ट्झच्या तंतूवर स्फटिक टांगून त्याचं चुंबकत्व दिशेनुसार कसं बदलतं ते मोजत होते. आपल्या मुंबईत, टीआयएफआरमध्ये, १९८० च्या सुमारास डी. व्ही. बेहेरे आणि समरेश मित्रा मँगनीज आणि लोखंडाच्या पॉर्फिरिनमधली हीच फट मोजत होते. आपल्या रक्तातलं लोखंड अशाच पॉर्फिरिनच्या चौकटीत बसलेलं असतं. या कामात वापरतात ते स्पिन हॅमिल्टोनियन म्हणजे ऊर्जेचा एक छोटासा हिशेब. शेजाऱ्यांचा सगळा उपद्व्याप त्यात D आणि E या दोन आकड्यांत मावतो. D सांगतो मांडणी एका अक्षावर किती ताणलीय किंवा दबलीय, आणि E सांगतो त्या अक्षाभोवतीही ती किती बेढब आहे.

आता माझं म्हणणं. बारावीच्या पोरांना हॅमिल्टोनियन शिकवा असं मी म्हणत नाही. सीईटीच्या रगाड्यात आधीच जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण तक्त्यात दोन रकाने छापता, तर त्यांतला फरक का पडतो यावर एक पान लिहा की! मार्कांसाठी नको, नुसतं वाचायला. सूत्र जिथे अपुरं पडतं तिथूनच पुढचं विज्ञान सुरू होतं, आणि आपण नेमकी तीच जागा "प्रायोगिक चूक" म्हणून झाकून टाकतो. मुलं मग पाठ करतात की निसर्ग २.८४ आहे आणि मोजमाप चुकार.

भाची म्हणाली, "म्हणजे पेपरात २.८४ च लिहायचं ना?"

लिहायचं, बाई. पण बाहेर आल्यावर विसरायचं नाही की ते अर्धंच उत्तर आहे.

कॉलेजात मला हाच प्रश्न विचारून गप्प बसलेली ती दोन-तीन मुलं आज कुठे असतील कोण जाणे. हे सगळं खरं तर त्यांना सांगायचं होतं.