बासबरोबर रोझिनही द्या

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. वय चौदा. तिच्या संस्थेनं देणग्या गोळा करून डबल बास विकत घेतला होता. वर्षभर तो वर्गाच्या कोपऱ्यात खोळीत उभा होता आणि मग उंची बरी म्हणून हिच्या वाट्याला आला. वसईला माझ्या घराच्या पडवीत आम्ही बसलो होतो, बाहेर पाऊस लागून होता. तिनं सगळ्यात जाड, म्हणजे ई तारेवर बो (गज) ओढला. आधी नुसता 'हिस्स' आवाज आला, स्वर उगवला तो बो अर्धा संपल्यावर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं जोर लावला, तर तार किरकिरली.

"सर, बास वाजवायला माझ्या हातात ताकद नाही असं सांगितलंय मला," ती म्हणाली.

तिचा बो मी उजेडात धरला. केसांवर पांढरी भुकटी होती, बोट लावलं की पिठासारखी झडणारी. रोझिन, म्हणजे बोच्या केसांना लावायची राळ, कुठलं वापरतेस, विचारलं. तिनं दप्तरातून लाकडाच्या खाचेत बसवलेली एक पिवळी वडी काढली. व्हायोलिनची. वर्गातल्या सगळ्या मुलांना मिळून एकच वडी आणलेली, तीच हिलाही दिली होती. मी काही न बोलता माझा बो तिच्या हातात दिला. तिनं ओढला, आणि पहिल्याच क्षणाला ई तार बोलली. पडवीतल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण थरथरलं. हात तोच, ताकद तीच.

त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. एका मुलीनं वर्षातले सहा महिने स्वतःला दुबळं समजण्यात घालवले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. लाखभर रुपयांचं वाद्य घेणाऱ्यांनी त्याची डबीभर राळ घेतली नव्हती, एवढंच.

व्हायोलिनचं आणि बासचं रोझिन एक का चालत नाही, हे समजायला तारेजवळ जायला हवं. बोच्या केसांना, म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या केसांना, स्वतःची पकड जवळजवळ नसते. नवे कोरे केस बसवून बो ओढून बघा, तार मुकी राहते. पकड येते ती रोझिनमुळे. केस तारेला धरून आपल्याबरोबर ओढत नेतो, ताण वाढला की तार निसटून मागे जाते, केस तिला पुन्हा पकडतो. स्वराच्या एकेका कंपनात हे एकदा घडतं. बासची मोकळी ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, व्हायोलिनची ई तार 659 वेळा. बासची तार जाड आणि जड, ती जागेवरून हलवायलाच मोठी ओढ लागते, आणि पहिली पकड निसटली तर पुढची मिळेपर्यंत कानाला कळेल इतका वेळ जातो. तो वेळ म्हणजेच त्या मुलीचा 'हिस्स'. व्हायोलिनचं रोझिन कडक आणि ठिसूळ असतं. बारीक तारेला तेच हवं. बासला मऊ आणि चिकट लागतं, त्यात तेला-मेणाचा अंश जास्त असतो.

या पकड-सुटीचा सविस्तर अभ्यास आपल्या देशात झाला आहे, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं नाव प्रकाशाशी जोडलं गेलं, पण त्याच्या कितीतरी आधी, 1918 साली, त्यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून बोनं वाजवलेल्या तारांच्या कंपनांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे व्हायोलिन यंत्रानं वाजवून बोचा दाब आणि वेग यांची मोजमापंही घेतली. आजही या विषयावर काम करणारे अभ्यासक रामन यांच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आणि रोझिन ही वस्तू तरी आपल्याला कुठे परकी आहे? ही राळच. चीड-देवदाराच्या जातीच्या झाडांना खाच पाडून चीक काढायचा, तो तापवून टर्पेंटाइन वेगळं करायचं, मागे उरतं ते रोझिन. हिमाचल आणि उत्तराखंडातल्या चीडवनांतून असा चीक आजही निघतो. कोकणात दशावतारात पलित्यावर राळ उडवली की भपकन जाळ होतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग देताना जो वास यायचा तोही राळेचाच. सारंगीवाले गजाला हीच लावतात. आमच्या बासच्या डब्या मात्र अजून परदेशातून येतात, आणि त्यांच्यावरचा सल्लाही तिकडच्या हवेचा असतो. माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

युरोप-अमेरिकेतल्या वादकांचं ऐकून आपली मुलं 'पॉप्स' मागवतात. अमेरिकन रोझिन, फार मऊ, फार चिकट. कोरड्या थंडीत, हीटर लावलेल्या खोलीत ते उत्तम चालत असेल. मी ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा डबी बासच्या खोळीच्या खिशात आडवी राहिली होती. मे महिना, तालमीला टेम्पोतून वाद्य नेलेलं. चर्चगेटला पोचून खिसा उघडला तर रोझिन काकवीसारखं डबीबाहेर येऊन कापडात मुरलेलं. तो डाग वीस वर्षं झाली तरी आहे. पण सांडणं ही लहान गोष्ट. असं रोझिन जुलैच्या दमट हवेत केसांवर बसलं की सुकतच नाही. केस एकमेकांना चिकटतात, बो तारेवरून उचलताना चटचट आवाज येतो आणि जलद जागा वाजेनाशा होतात. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागाच्या मध्यावर बास आणि चेलो धावत सुटतात. तिथे बो चिकटला तर स्वरांचा नुसता गाळ होतो.

म्हणून मी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात स्वीडनचं 'कार्लसन' वापरतो, ते जरा कडक आहे. डिसेंबर-जानेवारीत, तेही रात्री उघड्यावर कार्यक्रम असेल तरच, मऊ डबी काढतो. 'कोल्स्टीन'मध्ये मऊपासून कडकपर्यंत प्रकार मिळतात, नव्या मुलांना त्यातलं मधलं बरं पडतं. पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्यानं माझं ऐकू नये. तिथली थंडी कोरडी, त्याला मऊ रोझिन वर्षातले चार महिने चालून जाईल. पणजीतल्यानं मात्र माझ्यासारखंच करावं. तारा कुठल्या, केस पांढरे की काळे (काळे जाड असतात, पकड जास्त देतात), हे सगळं नंतर बघायचं. आधी आपल्या गावची हवा.

एक विनंती विद्यार्थ्यांनाही आहे. पाच कंपन्यांच्या पाच डब्या गोळा करू नका. एकावर एक वेगवेगळं रोझिन चढलं की केसांवर असा थर होतो की त्यात कोण काय करतंय ते कळत नाही. एक घ्या, वर्षभर त्याला ओळखा.

लावायची पद्धत सांगतो, कारण इथेही व्हायोलिनच्या वर्गातली सवय आड येते. व्हायोलिनवाले वडीवर बो पुढे-मागे घासतात. बासला तसं करू नका. मऊ रोझिन घासल्यानं तापतं, गोळा होऊन केसांना धरतं. डबी डाव्या हातात घट्ट धरायची, बोचे केस मुठीकडच्या टोकापासून सपाट टेकवायचे आणि एका दमात, एकाच दिशेनं, दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की तिथेच चिकटतो आणि सोडवताना दोन-चार केस तुटतात. बो उचलून पुन्हा मुठीपाशी आणायचा. असे दोन किंवा तीन हात पुरतात. दर वेळी डबी जराशी फिरवायची, म्हणजे एकाच जागी खळगा पडत नाही. मग वाजवायला लागायचं. पहिली पाच मिनिटं आवाज थोडा खरखरीत येईल, येऊ द्यावा. तालीम संपली की कोरड्या सुती फडक्यानं तारा आणि तारांखालची लाकडी फळी पुसायची. तिथे साचलेली भुकटी काही महिन्यांत वॉर्निशमध्ये रुतते, आणि मग ती काढायला कुणी तरी स्पिरिट लावतं आणि वॉर्निशच निघून येतं. असं एक जुनं, सुंदर वाद्य माझ्या डोळ्यांसमोर खराब झालेलं आहे.

डबीचं झाकण घट्ट लावा आणि ती उभी ठेवा. मऊ रोझिन वर्ष-दीड वर्षात सुकतं. कडेला तडे दिसू लागले, हात फिरवल्यावर भुकटी उडू लागली, की डबी अर्धी शिल्लक असली तरी बदला.

आता पैशांचं बोलू. चांगली डबी दोन-एक हजार रुपयांना पडते, एका मुलाला वर्षभर पुरते. बोला वर्षातून एकदा नवे केस लागतात, त्याचे वेगळे. बासची किंमत लाखात. देणगीदार वाद्याला पैसे देतात, कारण वाद्यावर नावाची पट्टी लावता येते. राळेच्या डबीवर कुणाचं नाव लागत नाही. म्हणून माझी मागणी शाळांकडे, चर्चच्या संगीत मंडळांकडे आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे आहे: वाद्याच्या देणगीतूनच पाच वर्षांचं रोझिन आणि केस यांचे पैसे बाजूला काढा, आणि हिशेबात तसा खर्च स्वतंत्र लिहा. बास वाजवणारं मूल बहुतेक ठिकाणी एकटंच असतं. व्हायोलिनच्या मुलांना एकमेकांकडे बघून काय चुकतंय ते कळतं, याला कुणाकडे बघायचं?

एके काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत बासवादक रोज लागायचा. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी त्यावर घर चालवलं. सिंथेसायझर आला आणि ती खुर्ची रिकामी झाली. 2006 साली एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हापासून बासच्या ओळीत आपली मुलं बसावीत असं मला मनापासून वाटतं. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा गाणारे तोंड उघडण्याआधी चेलो आणि बास जणू बोलून घेतात, शब्दांशिवाय. 1824 साली लिहिलेली ती ओळ वाजवताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. ती ओळ या मुलीनं एकदा तरी वाजवावी.

तिचा बो आम्ही कोरड्या फडक्यानं तीनदा पुसला, तरी जुनी भुकटी निघेना. मग नवे केस बसवून घेतले. पहिल्यांदा रोझिन लावताना सात-आठ हात लागले, नव्या केसांना लागतातच. सध्या ती सां-सांस यांचा 'हत्ती' बसवतेय, वाल्ट्झ आहे. गेल्या शनिवारी तिनं स्वतःहून डबी काढली, तीन हात मारले, झाकण लावलं आणि पेन मागितलं. झाकणावर तारीख लिहिली.