आधी ओहोटी, मग गळ

मोरिवली एमआयडीसीजवळून वाहणाऱ्या वालधुनीत गळ टाकावा अशी तिची दशा उरलेली नाही. त्यामुळे अंबरनाथ-बदलापूरचे हौशी गळवाले सुट्टीला नागाव, किहीम, काशीद गाठतात. नवा रॉड, महागडी रील, बर्फातली कोळंबी, सगळं जय्यत असतं. तिथी मात्र क्वचितच कोणी पाहिलेली असते.

कोकणपट्टीत तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीच्या वेळेचा ठोकताळा बांधतात. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची, पण तेव्हा भांग असतो. पाणी फारसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते दूरवर हटतं, पण पहाटे सहाच्या आसपास. अंबरनाथहून निघणाऱ्याला ती वेळ साधणं कठीण.

त्याच्यासाठी चतुर्थी बरी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती दुपारी तीनच्या सुमारास, ओहोटी सकाळी नवाला, आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. संकष्टी आणि विनायकी कॅलेंडरात ठळक छापलेल्या असतातच. उपासवाल्याने मासे ताटात घेऊ नयेत. किनारा पाहायला आडकाठी नाही.

नऊ वाजता रॉड खाली ठेवून पुळणीवर चालावं. उघडा पडलेला वाळूचा दांडा, त्याच्या अलीकडची खोलगट पन्हळ आणि दांड्याला पडलेली खिंड नीट पाहावी. मागचं एखादं सुरूचं झाड खुणेला धरावं. भरती चढू लागली की दांड्यावर लाटा पांढऱ्या फुटतात. खिंडीतलं पाणी मात्र गडद राहतं, लाट तिथून न फुटता आत येते. बोयीसारखी लहान मासळी याच वाटेने पन्हळीत शिरते आणि तिच्या मागावर मोठी. अशा वेळी जीव खाऊन लांब फेकलेला गळ पुष्कळदा माशांच्या पलीकडे पडतो.

याच खिंडीतून माघारी जाणाऱ्या पाण्याला समुद्राकडे जबर ओढ असते, तेव्हा तिथे पाण्यात उतरू नये. ठोकताळ्यावरून लाटांची उंचीही कळत नाही. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज निघण्याआधी पाहावा.

पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, दांडे जागा बदलतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या चतुर्थीला गेल्या वर्षीच्या खुणांवर विसंबून चालणार नाही.