पोरगं शिकलं की जातं, मग शिकवायचंच कशाला?



परवाच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, कामाला मुलगा ठेवतो, सहा महिने शिकवतो. दोन हजार जास्त मिळाले की तो पनवेलला निघून जातो. मग शिकवायचंच कशाला?"

प्रश्न खरा आहे. जित्याच्या जवळच हमरापूर-जोहे. तिथल्या गणपती कारखान्यांत हेच चालतं. मुलगा आधी घासकाम करतो, मग रंगकाम. डोळ्यांच्या आखणीला हात बसला की पुढच्या सीझनला तो दुसऱ्याच्या शेडमध्ये दिसतो, नाहीतर स्वतःची शेड टाकतो. माझ्या दुकानातूनही शिकलेली मुलं गेलीत. पहिला गेला तेव्हा मी महिनाभर चिडून होतो.

याचं उत्तर मला फुटबॉलमध्ये सापडलं. कारण क्लबाकडे माल नसतो, गोडाऊन नसतं. पोरं हीच त्याची पुंजी.

महाराष्ट्रात फुटबॉल बघायचा तर कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब... पेठेपेठेची, तालमीतालमीची टीम. मोठी मॅच असली की शाहू स्टेडियम भरून जातं. पेठेतल्या पोराला लहानपणापासून एकच स्वप्न, आपल्या तालमीची जर्सी. म्हणजे गिऱ्हाईक आहे, ब्रँड आहे, निष्ठा आहे. तरी ज्युनियर पोरं टिकवणं अवघड जातं. का?

कारण सीनियर टीमला कप याच वर्षी हवा असतो. मग बाहेरून तयार खेळाडू येतात, अगदी परदेशीसुद्धा. सतरा वर्षांचं घरचं पोरगं बाकावर बसतं. त्याच वेळी बारावी येते, घरचे विचारतात, "यातून पुढे काय?" क्लबाकडे उत्तर नसतं. पोरगं पैशासाठी जातं असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा ते पुढची पायरी दिसत नाही म्हणून जातं.

आता गळतीचे दोन प्रकार नीट समजून घ्या. एक पोरगं वर जातं, दुसरं घरी बसतं.

वर जाणाऱ्याचं उदाहरण अनिकेत जाधव. कोल्हापूरचा मुलगा, रिक्षाचालकाचा पोरगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पुढे जमशेदपूरकडून आयएसएल खेळला. तो कोल्हापुरातच अडकून राहिला असता तर कोणाचं भलं झालं असतं? आज तिथलं प्रत्येक पोरगं म्हणतं, आपल्यातला एक गेला, मीही जाईन. ही जाहिरात पैशाने विकत मिळत नाही.

खरा तोटा दुसऱ्या प्रकारात आहे. पोरगं बूट माळ्यावर टाकतं आणि खेळ कायमचा सोडतं. त्यात वरच्या पायऱ्याही तुटल्या. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. जिल्ह्यातल्या पोराने जायचं कुठे?

मग करायचं काय? काही जण एनओसी अडवतात. आपल्याकडे दुकानदार शेवटचा पगार अडवतात, अनुभवाचा दाखला देत नाहीत. मी स्पष्ट सांगतो, हे करू नका. अडवलेला माणूस थांबतो, पण काम करत नाही. आणि गावात बातमी फिरते की या दुकानात गेलास तर अडकशील. पुढचा चांगला मुलगा तुमच्याकडे येतच नाही.

जगात यावर उपाय शोधलेत. फिफाचा नियम बघा. खेळाडूचा करार चालू असताना पैसे देऊन तो एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सौदा 1 कोटीचा असेल, तर 12 ते 15 ही चार वर्षं घडवणाऱ्या छोट्या क्लबाच्या वाट्याला साधारण 1 लाख येतात. आपल्याकडे असे सौदे क्वचित होतात, पण तत्त्व महत्त्वाचं आहे. शिकवण्याला किंमत आहे. अट एकच, पोरगं तुमच्याकडे रीतसर नोंदलेलं हवं. तोंडी "आमचाच पोरगा" म्हणून चालत नाही.

दुसरं उदाहरण स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओचं. हा क्लब फक्त बास्क प्रांतातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो. त्यांनी गोलकीपर केपाला जबरदस्तीने धरून ठेवलं नाही, करारातच सोडायची किंमत लिहिली होती. 2018 मध्ये चेल्सीने 8 कोटी युरो मोजले. आणि त्याची जागा घ्यायला खालून दुसरा तयार होता.

आता हे तुमच्या धंद्यात आणा.

एक, पायरी दाखवा. पहिल्याच दिवशी सांगा, सहा महिन्यांनी काउंटर, वर्षाने खरेदी, दोन वर्षांनी विक्रीत टक्का.

दोन, कागद करा. काय शिकवलं, किती पगार, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहून ठेवा.

तीन, एका कामाला दोन हात तयार ठेवा. एकाच्या जाण्याने शटर बंद पडत असेल, तर चूक त्या मुलाची नाही.

चार, जाणाऱ्याला हसून निरोप द्या. माझ्याकडून गेलेल्या एका मुलाने स्वतःचं दुकान टाकलं. आज तो माझ्याकडूनच होलसेलमध्ये माल उचलतो.

पोरगं जाणारच आहे, मित्रांनो. ते तुमचं नाव घेऊन जातं की तुमच्या नावाने बोटं मोडत जातं, एवढंच तुमच्या हातात आहे.

आज रात्री वही काढा. तुमच्याकडच्या प्रत्येक मुलाचं नाव लिहा आणि समोर त्याची पुढची पायरी लिहा. ज्याच्या नावासमोरची जागा रिकामी राहील, तो आधी जाईल.