विश्लेषण : व्हेनिसमध्ये दिवसभर भटकायचे तर आधी ‘तिकीट’ का काढावे लागते?

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी बसने पोहोचायचे, बोटीने सेंट मार्क चौक गाठायचा, फोटो काढायचे, जमल्यास गोंडोलात बसायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. नेमक्या अशाच पाहुण्याकडून व्हेनिस पालिका २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेते. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले आणि २०२६ साठी ३ एप्रिल ते २६ जुलै यांदरम्यानचे ६० दिवस ठरवण्यात आले. बहुतेक शुक्रवार ते रविवार किंवा सुट्टीचे.

शुल्क कोणाला?

मुक्काम न करता जुन्या शहरात येणाऱ्या १४ वर्षांवरील पर्यटकाला. चार दिवस आधी नोंदणी केल्यास पाच युरो, ऐनवेळी दहा. म्हणजे आजच्या दराने साधारण हजार रुपये. पैसे भरले की मोबाइलवर क्यूआर कोड येतो. तो नसेल आणि तपासणीत सापडलात तर दंड ५० ते ३०० युरो.

इथे भारतीय पर्यटकांची गल्लत होऊ शकते. अनेक जण खाडीपलीकडच्या मेस्त्रेमध्ये स्वस्त हॉटेल घेतात. मेस्त्रे व्हेनिस पालिकेच्याच हद्दीत येते, त्यामुळे तिथे राहणाऱ्याला शुल्क माफ आहे. मात्र सवलतीचा कोड घ्यावा लागतो. तेच हॉटेल अर्ध्या तासावरच्या पाडुआत असेल तर शुल्क भरावे लागते. मुरानो, बुरानो ही बेटे यातून वगळलेली आहेत.

दुपारी चारनंतर काय?

शुल्काची वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. त्यानंतर येणाऱ्याला कोणी विचारत नाही. निवांत फिरायचे असेल तर संध्याकाळच बरी, कारण दिवसाच्या सहली तोवर परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. एक क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची सिटी बस, सुमारे पावणेचार किलोमीटरच्या ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत जाते. ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरो. गोंडोलाचा पालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, तोही माणशी नव्हे, होडीचा. कालवा नुसता ओलांडायचा असेल तर त्राघेत्तो ही साधी होडी दोन युरोत पलीकडे सोडते. कन्नारेज्यो भागात १५१६ मध्ये ज्यूंसाठी वसवलेला मोहल्ला आहे. ‘घेटो’ हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. रिआल्टोचा मासळी बाजार मात्र सकाळीच आटोपतो. तो पाहायचा तर शुल्काच्या वेळेत यावे लागते.

गर्दी घटली का?

२०२४ मध्ये सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी शुल्क भरले आणि २४ लाख युरो जमा झाले. २०२५ मध्ये भरणारे ७ लाख २० हजारांवर गेले, रक्कम ५४ लाख युरोंवर. भागाकार केला तर दिवसाची सरासरी साडेसोळा हजारांवरून तेरा हजारांवर आलेली दिसते. पण दोन्ही वर्षांचे दिवस वेगळे आणि संख्याही वेगळी, त्यामुळे या घसरणीवरून गर्दी ओसरली असे म्हणता येत नाही. हजारो रुपये खर्चून युरोपात आलेले कुटुंब पाच युरोंसाठी व्हेनिस वगळेल, हे तसेही पटण्यासारखे नाही. तिजोरीत भर पडली, एवढे नक्की.

शुल्काच्या मंजुरीची वेळही बोलकी होती. पालिका सभागृहाने १२ सप्टेंबर २०२३ ला प्रस्ताव मंजूर केला आणि दोनच दिवसांनी ‘युनेस्को’च्या समितीने व्हेनिसला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकण्याची शिफारस बाजूला ठेवली.

मूळ दुखणे कोणते?

घरे. १९५१ मध्ये कालव्यांच्या या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांखाली गेला. पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्याची मोजणी स्थानिक गटांनी मांडली. घर भाडेकरूला देण्यापेक्षा पर्यटकाला रात्रीच्या हिशेबाने दिले की मालकाला जास्त मिळते. मग भाडी चढतात, तरुण मेस्त्रेला जातात, किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते.

या साखळीत दिवसभर फिरून जाणारा पर्यटक गल्ल्या आणि बोटी भरतो, पण कुणाचे घर अडवत नाही. घर अडते ते मुक्कामी पर्यटकामुळे, आणि शुल्कातून सूट आहे ती त्यालाच. तो पर्यटन कर भरतो, असे पालिकेचे म्हणणे. ते खरे आहे, पण त्या कराने खाटांची संख्या वाढायची थांबलेली नाही. सुट्या पर्यटकाला अडवणे सोपे, घरमालकांना आवरणे राजकीयदृष्ट्या अवघड, हे कोणत्याही पालिकेला ठाऊक असते.

रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानात २००८ मध्ये डिजिटल फलक लावण्यात आला. त्यावर जुन्या शहरातल्या रहिवाशांची संख्या झळकते. पुलावर फोटो काढून झाला की तो दोन मिनिटांच्या अंतरावर आहे. तो पाहायला तिकीट लागत नाही.